आधीचं नाव असल्यास

॥ श्री ॥

वडीगोद्री, ता. अंबड
२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार

माझी मीना,

तुला अक्काचा आशीर्वाद. मी बरी, तुझे दाजी बरे, कल्याण, सूनबाई, दोन्ही म्हशी, सगळे बरे. तू पण बरीच असशील असं धरून चालते, कारण विचारायला तोंड न्हाई. तेरा वर्षं झाली. तुझं मंठा काही लांब न्हाई, सकाळी निघालं तर दुपारच्या चहाला माघारी येता येतं, पण तू आली न्हाईस अन् मी आले न्हाई. पाकिटावरचं अक्षर बघून म्हणशील, हे कोणाच्या पोरानं लिहिलं. मीच लिहिलंय. साक्षरतेच्या वर्गातलं अक्षर आहे, तुझ्यासारखं वळणदार न्हाई. आज होईल तेवढं लिहिते, उरलं ते उद्या.

आधी गोड बातमी. मी परदेशात चालले! खोटं वाटंल, मला बी वाटून राह्यलंय. कल्याणची तृप्ती नेदरलँड नावाच्या देशात आहे. तिथं शेतकीच्या कॉलेजात गाईंवर शिकते. फोनवर म्हणली, "आजी, इथली गाय बघितल्याशिवाय मरायचं न्हाई." मंग काय, एप्रिलात जायचं, दीड महिना राहायचं. दाजी येत न्हाईत. त्यांना विचारलं तर म्हणले, "म्हशी कोण बघंल? अन् तिथं तंबाखू खाऊ देत्यात का?" कल्याण मुंबईत विमानात बसवणार, तिकडं तृप्ती उतरवून घेणार. मधलं माझं मी.

मधलं माझं मी म्हणजे काय, ते आता कळून राह्यलं. अगं, मला वाटलं पिशवी भरायची अन् जायचं. तृप्तीनं दोन पानांची यादी पाठवली. गोळ्यांबरोबर डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे, इंग्रजीत. विमा पाहिजे. पायात बूट पाहिजेत. कल्याणनं पांढरे बूट आणले, ते घालून मी रोज सकाळी बांधावरून कॅनॉलपर्यंत चालते. शेजारची दीपमाला म्हणती, "काकू, पोलीस भरतीला चालल्या का?" हसू दे. पहिल्या आठवड्यात टाचा सोलल्या, आता पळायला सांगितलं तरी पळंल.

संभाजीनगरला नेऊन सरकता जिना शिकवला. पंधरा मिनिटं मी खालीच उभी. पायऱ्या जमिनीतून निघतात अन् जमिनीत जातात, माणूस गेलं तर? शेवटी एका शाळकरी पोरीनं हात धरून चढवलं. मंग मी तीनदा वर-खाली केलं. कल्याण म्हणला, "आई, बास, लोक बघून राह्यले."

बॅग वसंता व्यापाऱ्याच्या कापसाच्या काट्यावर मोजली. तेवीस किलो चालतं, निघाली एकतीस. वसंता म्हणला, "मावशी, कापसासारखं ओलाव्याचं वजन कापू का?" बाजरीच्या खारोड्या काढल्या, गोधडी काढली. अन् सगळ्यात मोठा धक्का ऐक. तूप चालत न्हाई! दुधाचं काहीच न्यायचं न्हाई, तिथं उतरल्यावर काढून घेतात. गाईंच्या देशात चालले अन् तूप न्यायला बंदी. मी तृप्तीला म्हणलं, "त्यांनी आपल्या म्हशीचं खाल्लं न्हाई म्हणून." दाजी खूष झाले, दोन किलो तूप घरीच राह्यलं.

पण मीना, यादीत पहिल्या नंबरला तूप नव्हतं, बूट बी नव्हते. पहिल्या नंबरला लिहिलं होतं, सगळ्या कागदांवर नाव अन् जन्मतारीख एकच पाहिजे.

त्याचं उद्या लिहिते. हात दुखला.

रविवार

काल हात दुखला न्हाई. लिहायचा धीर झाला न्हाई.

अंबडला अंगद म्हणून पोरगं आहे, कॉम्प्युटरवर पासपोर्टचे फॉर्म भरतं. त्यानं माझे कागद मांडले. आधारावर दुर्गाबाई, मतदानाच्या कार्डावर नुसती दुर्गा, बँकेत तिसरंच काहीतरी. जन्मतारखा पण तीन. म्हणला, "आजी, तुम्ही तीन बायका आहात." मंग म्हणला, शाळेत गेला असाल तर शाळेचा उतारा आणा, त्याच्यावरून बाकीचं सगळं बराबर करून घेऊ.

शाळेत मी गेल्ते. तुला ठाऊक आहे. दोन वर्षं, तीही पहिलीतच, कधी हजर कधी गैरहजर. तेव्हा मी दुर्गा नव्हते, गोदावरी होते. सासरच्यांनी लग्नात दुर्गा केलं. सगळ्यांचंच बदलायचे तेव्हा, कोणी विचारायचं न्हाई. अंगद म्हणला, "चालतंय, गोदावरी अन् दुर्गाबाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करू."

कल्याणच्या मोटारसायकलवर बसून माहेरच्या शाळेत गेले. आता छपराची खोली न्हाई, पक्की इमारत आहे, भिंतीवर कारल्याएवढे सुरवंट अन् फुलपाखरं काढलीत. हेडमास्तर बाई आहेत, अरुंधतीबाई, तृप्तीएवढ्याच. त्यांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. पानं अशी की हात लावला तर तुकडा पडंल. बोट फिरवत फिरवत थांबल्या. "गोदावरी शिवाजी, एक जून एकोणीसशे चोपन्न. तुम्हीच ना आजी?"

मी म्हणलं, हो, मीच. काय आनंद झाला मला! आपण कुठंतरी लिहिलेले आहोत याचा.

त्या वाचत गेल्या. पहिलीत तीन वर्षं. मी हसले, म्हणलं दोन ठाऊक होती. मंग दुसरी पास. तिसरी पास. चौथीला वर्गात पहिला नंबर. सातवी पास, पहिला नंबर, वर्तन चांगले, साल एकोणीसशे सत्तर.

कल्याण माझ्याकडं बघतच राह्यला. "आई, तू सातवी पास? पहिला नंबर? अन् मी इंग्रजीत नापास झालो तेव्हा मला लाटण्यानं मारलं?"

सत्तर साली मी कुठं होते, मीना? लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. इथं वडीगोद्रीला सासूच्या हाताखाली भाकरी थापून राह्यले होते.

अरुंधतीबाई म्हणल्या, "आजी, तुम्ही हा उतारा आधी दोनदा नेलाय. शहात्तर साली एकदा, अन् दोन हजार अकराला एकदा." शहात्तर साली तू नर्सच्या ट्रेनिंगला गेल्तीस. दोन हजार अकरा म्हणजे तुझ्या पेन्शनच्या कागदांचं वरीस.

बाईंनी पाणी दिलं, ते पदरावर सांडलं.

अन् मंग सगळं एका जागी आलं. आई बाळंतीण झाली म्हणून मला शाळेतून काढलं होतं, बाळ सांभाळायला. बाळ तर जगलं न्हाई, पण मी घरी बसले ती बसलेच. मास्तर आले आपल्या ओट्यावर. आप्पाला म्हणले, उद्या तपासणी आहे, गोदावरीचं नाव पटावर आहे अन् पोरगी न्हाई, घरातली कोणतीबी पोर बसवा. आप्पानं तुला बसवलं. तू सहा वर्षांची, नाक गळत होतं. मी तुझी वेणी घातली, माझी पाटी दिली अन् म्हणलं, "मास्तरनं गोदावरी म्हणलं की हजर म्हणायचं."

मीना, हे मीच म्हणलं होतं. मला ठाऊक नव्हतं असं मी देवासमोर सांगू शकत न्हाई. तपासणी झाली तरी तू शाळेत जात राह्यलीस, पण एका दिवसाचं नाव जन्मभर चालंल असं डोक्यात आलं न्हाई. माझं लग्न झालं, मी दुर्गा झाले, अन् ते नाव कुठं गेलं हे मी कधी विचारलंच न्हाई.

आता माझ्या रागाचं सांगते. तो लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

साक्षरतेच्या वर्गात नाव लिहायला वाचायला शिकले, त्याच वर्षी हौसेनं तुझ्या दवाखान्यात आल्ते. वाटलं होतं, तुझ्या नावाची पाटी वाचीन. तू पळत बाहेर आलीस, छातीवरचा बिल्ला पदराखाली झाकलास अन् मला लिंबाखाली बसवलंस. चहा तिथंच आणलास. आत येऊ दिलं न्हाई. मी घरी येऊन दाजींना म्हणलं, "नर्सबाईला अडाणी बहिणीची लाज वाटते." अन् बारा साली तुझा निरोपाचा कार्यक्रम झाला, जेवणावळ झाली, सगळ्या दवाखान्याला बोलावलं, मला पत्रिका न्हाई. त्या दिवसापासून मी तुझं नाव टाकलं. तुझ्या घरी मेलं तरी जाणार न्हाई असं चार बायकांत बोलले.

पत्रिकेवर नाव गोदावरी छापलं होतं ना? अन् बिल्ल्यावर पण?

शाळेतून येताना वाटेत कल्याणला हे सगळं सांगितलं. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. उसाच्या ट्रॉल्या जाऊन राह्यल्या अन् आम्ही मायलेक उभे. तो म्हणला, "मंग मावशीवर तेरा वर्षं कशाचा राग धरला तू?" मी म्हणलं, "गाडी चालू कर."

अजून एक हिशेब मला रस्त्यातच लागला. मी तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. माझी जन्मतारीख लावली म्हणून तू तीन वर्षं आधीच निवृत्त झालीस. पंचावन्नची असताना अठ्ठावन्नची झालीस. माझं म्हातारपण पण तूच काढलंस गं.

पण उतारा घेतला का, ते राह्यलंच. बाईंनी छापलेला कागद पुढं केला, म्हणल्या, इथं सही करा, तुमचं काम झालं. सही केली असती तर माझा पासपोर्ट पंधरा दिवसांत झाला असता. अन् एका गोदावरीच्या दोन बायका निघाल्या असत्या. एक नेदरलँडला चाललेली, दुसरी मंठ्यात पेन्शन खाणारी. सरकारनं कधी दोन कागद शेजारी ठेवले तर खोटी कोण ठरली असती? पस्तीस वर्षं लोकांची बाळंतपणं केलेली तू. मी न्हाई.

मी बाईंना म्हणलं, "माफ करा, म्हातारपणात गोंधळ झाला. ही गोदावरी माझी बहीण. मंठ्याला असते, नर्स होती."

"अन् तुमचं नाव?"

"माझं नाव शाळेत घातलंच न्हाई."

दोन वर्षं मी त्या शाळेत गेल्ते, मीना. उन्हाळ्यात पाय पोळायचे म्हणून पळसाची पानं बांधून गेल्ते. तीपण आता तुझीच.

मंग अंगदला सांगितलं, शाळा न्हाई, असं धरून काय करता येतं ते कर. दोन महिने लागले. आधार धरला, बाकीची कार्डं त्याच्यासारखी करून घेतली. अंबडच्या फेऱ्या मारून मारून जीपवाला मला पुढची सीट राखून ठेवायला लागला. तृप्ती फोनवर कावायची, "आजी, एवढा उशीर का?" मी म्हणायचे, सरकारी काम आहे.

फॉर्मात एक रकाना होता. अंगदनं मराठीत करून वाचून दाखवला. "आजी, याआधी दुसऱ्या कोणत्या नावानं ओळखल्या जात होता का? आधीचं नाव असल्यास लिहा."

कल्याण बाहेर बघायला लागला. मी म्हणलं, "न्हाई."

"नक्की? शाळेचं काहीतरी म्हणत होता तुम्ही."

"बिलकुल न्हाई. मी जन्मल्यापासून दुर्गाच."

सरकारी कागदावर खोटं बोलले. सत्तरीत पहिल्यांदा. अन् त्या दिवशी घरी येऊन मी पुरणपोळी केली. दाजी म्हणले, "आज काय सण?" मी म्हणलं, "माझं बारसं."

पासपोर्ट आलाय. निळा आहे. फोटोत मी भांडायला निघाल्यासारखी दिसते. तिकडच्या व्हिसाच्या शिक्क्यासाठी पुढच्या आठवड्यात मुंबईला जायचं, तोही मिळंल असं अंगद म्हणतो. तो म्हणतो म्हणून मी बूट घासून ठेवलेत.

आता शेवटचं काम, अन् ते तुझं आहे. तृप्तीनं सांगितलंय, एक चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवायची. परक्या देशात आपल्याला काही झालं, चक्कर आली, शुद्ध गेली, तर कोणाला कळवायचं, त्याचं नाव, नातं अन् फोन नंबर. कल्याणचं लिहिलं. खाली दुसऱ्या माणसाची जागा होती. दाजींना फोन उचलता येत न्हाई, ते लाल बटण दाबतात.

तिथं मी तुझं लिहिलं. ते नाव माझ्या हातानं मी पाटीवर लिहिलं होतं, त्याला बासष्ट वर्षं झाली. ग ला काना मात्रा सावकाश दिली, चांगलं आलं. गोदावरी. नातं, सख्खी बहीण. पत्ता, मंठा, जिल्हा जालना.

नंबरची जागा रिकामी आहे. तुझा नंबर माझ्याकडं होता, तो मी बारा साली रागानं खोडला.

तो पाठव. न्हाईतर स्वतः ये अन् तुझ्या हातानं लिही. येशील तेव्हा पत्रिका राह्यली असंल घरात तर घेऊन ये, मला वाचायचीय. दोन किलो तूप पण पडलंय, घेऊन जा. अन् हे पत्र वाचून झालं की गॅसवर धर. ठेवायचं न्हाई.

गोदावरीला जप. तिनं लोकांचं लई केलं.

तुझी अक्का,
दुर्गाबाई
(आधीचं नाव असल्यास: न्हाई)