चष्म्याचं निमित्त

सौंसर, जानेवारी १९८६

पंचफुलाबाई,

जयभीम. इंदूले चष्म्यासाठी नागपूरले नेतो, असं मी गावात सांगितलं. तुझा तुळशीराम दर महिन्याले डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते ना, तेच निमित्त उचललं. पोळ्यापासून पोरगी बोलत नाही, हे कोणाले सांगू? नेली मनाच्या डॉक्टरकडे.

बाई, किती लेकरं तिथं! एक पोरगी स्वतःचे केस उपटून राहिली होती. एक मोठा पोरगा शाळेचं नाव काढताच थरथरून राहिला होता. मले वाटे, जगात माझीच एक अशी.

अन् त्याच बाकावर तुझा तुळशीराम! भाऊजींनी मान खाली घातली. तुळशीरामनं मात्र सरकून इंदूले जागा दिली. ती त्याच्याकडे पाहत म्हणाली, "दादा, तू पण?"

चार महिन्यांनी तिचा आवाज ऐकला मी!

दोन वर्षं तो चष्म्याले जाते अन् नाकावर चष्मा नाही, हे मले कसं दिसलं नाही?

तुले आलेलं पत्र तुझा दीर अंगणात मोठ्यानं वाचते, म्हणून हे पेटीत टाकत नाही. उद्या मीच पांढुर्ण्याले येते. काही विचारणार नाही, नुसती तुझ्याजवळ बसीन.

तुझी धाकटी,
प्रेमलता