पिशवीतलं शास्त्र

दापोडी, मंगळवार, संध्याकाळ. १९५४

आजही पवित्र शास्त्र पिशवीतून बाहेर निघालं नाही. मिशनने मला बायबलबाई नेमलं ते प्रभूचं वचन सांगायला, आणि वर्कशॉपच्या चाळीतल्या बाया मला गावाकडून आलेली पत्रं वाचायला बसवतात! चर्चच्या पाळकसाहेबांना राजीनामा लिहिलाय. तोही पिशवीतच. देऊन टाकू का?

आज रखमाला तिच्या आईचं पत्र वाचून दाखवलं. डोळे पुसत तिने पिशवीकडे बोट केलं. "बाई, तुमच्या त्या पुस्तकात काय हाय?"

"त्यातही पत्रं आहेत. लांबच्या माणसांना धीर देणारी."

"मग ती का वाचत न्हाई?"

खरंच, का नाही? कुणी विचारत नाही म्हणून मीच रुसून पिशवी बंद ठेवली होती.

उद्या रखमाला वाचून दाखवायला त्या पत्रांतलं एक पान शोधलं. खुणेला कागद हवा होता. राजीनामाच घडी करून घातला.