शेळ्यांनी खाल्लेले चारशे देवदार

आदरणीय मामांस भाचा येफ्ताचा गुडघे टेकून नमस्कार.

तुम्ही बरे उठला असाल तर मीही बरा उठलो, असं समजावं. मामींचा गुडघा, तुमचा खोकला आणि गावप्रमुखाची ती खुर्ची (तुम्ही बसलात की ती रडते, असं आई म्हणते) सगळं ठीक असेल, अशी आशा आहे. इथे मुलांजेच्या डोंगरावर थंडी भरपूर आहे, मक्याचा न्सिमा पोटभर आहे, सोबतची उसिपा मासळी मात्र संपली.

माझ्या नोकरीचं तुम्ही गावभर सांगितलंत, म्हणून ती काय आहे तेही कळवतो. आपला देवदार तोडून तोडून संपत आला (तुमच्या बैठकीतली पेटी कुठून आली, हे मी विचारत नाही), म्हणून इथे नवी रोपं लावतात. ती जगली की मेली हे बघून मी तक्ता भरतो. गेल्या सप्टेंबरात चारशे लावली. सप्टेंबरात, मामा! पाऊस डिसेंबरात येतो हे डोंगराखालचं शेंबडं पोरही सांगेल. रोपवाटिकेतल्या नाफिरी मावशींनी प्रकल्पाच्या काम्वेन्डो साहेबांना तोंडावर सांगितलं, "साहेब, आत्ता लावणं म्हणजे पुरणंच की!" साहेब म्हणाले, "बाई, पाहुण्यांची तारीख ठरलीय. पाऊस येईल त्याच्या सवडीनं." पाहुणे आले, बुटाला माती न लागू देता एक रोप लावून गेले, बायकांनी गाणी म्हटली, आम्ही कोंबडी खाल्ली. नोव्हेंबरपर्यंत चारशेच्या चारशे काड्या झाल्या.

तक्त्यात मृत्यूच्या कारणाला तीनच चौकटी: वणवा, रोग, शेळ्या. पाहुण्यांच्या तारखेला चौकट नाही. वणवा म्हणावं तर कोळसा दाखवावा लागतो, रोग म्हणावं तर पानं तपासणीला धाडावी लागतात. साहेब म्हणाले, "शेळ्या लिही. शेळी काही खुलासा मागायला येत नाही." मी लिहिलं. (इथवर चढलेली शेळी मी जन्मात पाहिलेली नाही, हमालसुद्धा वाटेत तीनदा बसतो.)

आता खरी गोष्ट. मावशींनी रोपवाटिकेत उरलेली वीस रोपं, लेकरू बांधावं तशी चितेन्जेच्या फडक्यात पाठीला बांधून, डिसेंबरात कुणाला न विचारता वर नेली आणि ओढ्याकाठी झुडपांच्या सावलीत लावली. त्यातली अकरा जगली आहेत. मी ती मोठ्या आनंदानं तक्त्यात घातली; साहेबांनी खोडली. ठरल्या तारखेला लावलेली नव्हती, म्हणून ती प्रकल्पाची नव्हेत! मला फार राग आला, मामा. मेलेली चारशे आमची आणि जगलेली अकरा कुणाचीच नाहीत. मावशी उलट हसल्या. "बरं झालं पोरा. तुमची नाहीत म्हणजे जगतील."

मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
येफ्ता

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. राजधानीहून मूल्यमापनाच्या बाई गुरुवारी येताहेत आणि त्यांना त्या शेळ्या बघायच्या आहेत, फोटोसकट. तरी तुमच्या चार शेळ्या बुधवारी वर पाठवाव्यात. जरा धष्टपुष्ट निवडा, चारशे रोपं पचवलेल्या दिसायला हव्यात.

पुन्हा ता. क. मावशींनी पत्र वाचलं आणि माझा कान धरला. शेळ्या अजिबात पाठवू नका, मामा. डोंगरावर त्यांना खाण्याजोगी रोपं आता ती अकराच आहेत. ती खाल्ली की माझा अहवाल खरा ठरेल.