बाबांच्या खोलीतला पलंग

४ फेब्रुवारी
माहेरी जाऊन आले — तिकीट काढून! हा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो. बाप मोठा व्हायोलिनवादक असला की घराचं स्मारक होतं आणि घरचे प्रेक्षक.

बाबा गेल्यावर आई पहिल्यांदाच तिथे आली. दोरीपलीकडे बाबांची खोली. पलंग, कपाट, नोटेशनचं स्टँड, भिंतीवर बाबांचा मोठा फोटो. माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, "त्यांच्या काळी होती अगदी तशीच ठेवलीय."

आई म्हणाली, "छे! पलंग त्या भिंतीला होता. सगळं इकडचं तिकडे केलंय."

मुलगी गोड हसली. म्हाताऱ्यांना हसतात तसं. मी हळूच म्हटलं, "अगं, इथेच होता. तू विसरलीस." आई माझ्याकडे बघत राहिली. मला भरून आलं.

५ फेब्रुवारी
दादाला फोन केला. करायला नको होता. तो तयारच! "मी म्हणत नव्हतो? आईचं आता तुझ्याच्याने व्हायचं नाही. वृद्धाश्रमात खोली रिकामी आहे, मी चौकशी केलीय."

आधी डॉक्टरांना दाखवू म्हटलं. दहा तारखेची वेळ मिळाली. दादा वसतिगृहात वाढला, त्याला पलंगाचं काय विचारणार? मी लग्न होईपर्यंत त्या खोलीतला केर काढलाय. मला नाही ठाऊक तर कुणाला?

आई या घरातून गेली तर मी काय करू?

६ फेब्रुवारी
आई हट्टालाच पेटलीय. "स्टँड तिथे ठेवलं तर उजेड डोळ्यांवर येतो. त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं!" मी म्हटलं, बरं बाई.

८ फेब्रुवारी
स्मारकाच्या व्यवस्थापकांचा फोन. त्या मुलीने आईचं बोलणं त्यांच्या कानावर घातलं होतं. खोली त्या भिंतीवरच्या फोटोवरून लावलेली — आणि फोटोच आरशातल्यासारखा उलटा छापलेला! बाबांच्या डाव्या हातात व्हायोलिनचा गज! इतक्या लोकांनी पाहिला, कुणाच्या लक्षात आलं नाही. मी तर पोटची पोर. समोर उभी राहून "काय छान आलाय" म्हणाले होते.

"आईंची स्मरणशक्ती काय तल्लख आहे हो!" व्यवस्थापक ओशाळून म्हणाले.

आईला सांगितलं. "मग?" म्हणाली आणि मटार सोलत राहिली. वृद्धाश्रम बारगळला. दादा फोनवर नुसतं "हं" म्हणाला. मला नाचावंसं वाटत होतं.

जेवण झाल्यावर डोळे मिटून ती खोली आठवून पाहिली. पलंग अजून त्याच चुकीच्या भिंतीला.

९ फेब्रुवारी
डॉक्टरांची वेळ रद्द करायला फोन उचलला. आईने हातातून काढून घेतला. "राहू दे. नाव तेवढं बदल, तुझं घाल. वर्ष होत आलं, मी तुझं विसरणं झाकतेय. दादाला बोलले नाही — तो तुला त्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवील."