आणखी एक फेरी

३ मार्च
नोकरी लागली एकदाची! बंद पडलेल्या डिस्कमधून लोकांचे अडकलेले फोटो, व्हिडिओ बाहेर काढायचे. आई म्हणाली, म्हणजे दुरुस्तीच ना? नाही म्हटलं, दुरुस्त काहीच होत नाही, फक्त आतलं वाचवायचं. तिने तोंड वाकडं केलं. खोली थंडगार, धुळीचा कण दिसला तरी आमच्या मोठ्या बाई अंगावर येतात आणि नंतर स्वतःच चहा पाजतात. त्यांचा नियम एकच: डिस्कची आधी कॉपी घ्यायची, मग हात लावायचा तो कॉपीला.

५ मार्च
पहिलंच काम माझ्या गळ्यात. एक गृहस्थ घरच्या नेटवर्कला जोडलेली दोन डिस्कची पेटी घेऊन आले. दोन्हींवर तेच ते साठवलेलं, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. एक बिघडली, पेटी कोकलायला लागली आणि यांनी घाईघाईत नेमकी चांगली डिस्क काढून भंगारात दिली! मला हसू आवरेना. मग म्हणाले, यात माझी मुलगी आहे. ठमी. सहा वर्षांची होती, तापाने गेली. तिचा आवाज विसरत चाललोय, म्हणाले. इतकी लाज वाटली मला.

९ मार्च
एक व्हिडिओ निघाला. ठमी खुर्चीवर उभी राहून, बाबांचा चष्मा नाकावर घेऊन सगळ्यांना दमात घेतेय. मोठ्या बाईसुद्धा हसल्या आणि डोळे पुसत बाहेर गेल्या. पण कॉपीत मधले तुकडे सुटलेत. मूळ डिस्कवरून हेड, म्हणजे आतली वाचणारी सुई, पुन्हा फिरवावं लागेल, आणखी एक फेरी.

११ मार्च
फेरी झाली. तोच व्हिडिओ, पण ठमी खुर्चीवरून उतरलीय. गालावर ओरखडा. हेड घासलं की चित्र खराब होतं, असं मोठ्या बाई म्हणाल्या. पण चित्र स्वच्छ आहे. खराब झालाय तो गाल. ती तो हाताने चाचपत होती.

१२ मार्च
तिसरी फेरी. आता कपाळही. रडतेय. बाबा, टोचतंय, म्हणतेय.
डिस्क थांबवली. पडदा काळा. आवाज मात्र येतोय — इथे दिसत नाही काही, बाबा —
पुन्हा चालू केली. उजेड आला. नवा ओरखडा.

१३ मार्च
ठमीच्या बाबांना बोलावून सगळं सांगितलं. चिडले नाहीत. आवाज तिचाच आहे ना, एवढंच विचारलं. मग पडद्याला हात लावून बसले, मी आहे गं बाळा, मी आहे, म्हणत. ठमीने मान वळवली त्यांच्याकडे. मोठ्या बाई खोलीत पाऊल टाकायला तयार नाहीत.

१४ मार्च
चालू ठेवावी तर टोचतं. बंद करावी तर अंधार. बाबांनी हात जोडले, तुम्हीच ठरवा म्हणाले. मी कोण ठरवणारी —

दुपार
चेहरा फारसा उरला नाही. ठमी माझ्याशी बोलली. म्हणाली, मावशी, बाबांना बाहेर ने, मग बंद कर. त्यांना बघवणार नाही.
नेलं. पाणी दिलं. दार लावून आले.

बंद केली. उपटलेली वायर माझ्या हातात आहे. तरी विचारतेय, मावशी, आहेस ना —
आहे गं. आहे.
दाराबाहेरून बाबा विचारताहेत, झोपली का ती?
मी काय सां