टिचकी

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. आम्ही इकडे ठीक. यापुढे तुम्हीही तिकडे ठीक असाल असं लिहायची रीत आहे; पण तू कुणाशी बोलत नाहीस असं भाऊजी फोनवर म्हणाले, तेव्हा ती ओळ मोकळी सोडतो.

माझी फजिती ऐक. आमच्या प्रयोगशाळेतली चिप म्हणजे काचेवर चिकटवलेला रबरासारखा पारदर्शक तुकडा. त्यात केसाएवढ्या वाहिन्या. त्यातून रक्ताचा थेंब फिरवायचा आणि आजार ओळखायचा. (ओळखतो कधीकधी.) वाहिनीत बुडबुडा अडकला की सगळं ठप्प. परवा बाहेरचे पाहुणे बघायला आले आणि मी घाईत फ्रिजमधलं गार द्रावण तसंच भरलं. चिप कोमट तव्यावर होती. पाहुणे चष्मे पुसेपर्यंत वळणावर एक बुडबुडा येऊन बसला, घरच्यासारखा. मी काय करावं? टिचकी मारली. (आपलं घराणंच टिचकीचं. बाबा घड्याळाला मारायचे, रेडिओला मारायचे, माझ्या कानाला मारायचे; तू इंजेक्शनला मारतेस.) एका बुडबुड्याचं गोकुळ झालं. पाहुणे चहाला गेले.

आमच्या प्रमुख बाई ओरडल्या नाहीत. घरी कुणी नर्स आहे का, एवढंच विचारलं. ताई आहे म्हटलं.

"त्यांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सुईत बुडबुड्याला वर जायला वाट असते. इथे त्याला वाटच नाही."

मग त्यांनी समजावलं की बुडबुडा बाहेरून शिरत नाही. हवा गार पाण्यात विरघळलेली असते, दिसत नाही. ऊब लागली की सुटते. म्हणून ती आधीच मोकळी करायची. द्रावण काचेच्या हंडीखाली ठेवून पंपाने हवा ओढायची. ते गारच असतं, तरी उकळल्यासारखं फसफसतं आणि मग शांत होतं. हल्ली रोज मी त्या हंडीपाशी बसतो. घाई केली तर उतू जातं.

तिथे बसलो की ती दुपार आठवते. डॉक्टरांनी बाबा गेल्याचं सांगितलं, तरी तू सलाईनच्या नळीला टिचकी मारलीस. राहू दे आता, ते म्हणाले. तू आणखी एकदा मारलीस. मग हात धुतलेस आणि शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा ताप बघायला गेलीस. तेव्हापासून तू तापच बघते आहेस.

असो. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. नोकरी शाबूत आहे. फक्त कामाच्या वेळी बोटाला चिकटपट्टी लावायचा हुकूम झाला आहे.

आणखी ता. क. बाबांचं घड्याळ बंद पडलंय. माझ्या बोटाला पट्टी, आणि आईची टिचकी त्याला समजत नाही. रविवारी ये. आई काही विचारणार नाही, तिला बजावून ठेवलंय. घड्याळ नाही चाललं तरी चालेल. स्वयंपाकघरात बस जरा. तिथे ऊब असते.