शनिवारचं जेवण आणि सासूबाईंचे शेअर

१६ ऑक्टोबर, सोमवार

मनगट मोडलंच! एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, दीड महिना प्लास्टर. पडदे धुवायला काढायचे म्हणून सासूबाई स्टुलावर चढल्या होत्या. घरात आम्ही दोन धडधाकट माणसं असताना! "तुम्ही कामावर होतात, पडदे घरी होते," म्हणतात.

मी दिवसभर दातांच्या लॅबमध्ये प्लास्टरच कालवते. लोकांच्या जबड्यांचे साचे, त्यांवर दात. घरी आले तर इथेही प्लास्टर.

खरा घोळ पुढेच आहे — सुट्टीतलं जेवण! दरवर्षी शाळांना सुट्टी लागली की थोरले दीर आणि जाऊबाई मुलांना घेऊन येतात आणि सासूबाई सगळ्यांना पोटभर जेवायला घालतात. दोन दिवस आधीपासून स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात. मला फक्त कांदे चिरण्यापुरता प्रवेश. यंदा चार नोव्हेंबरचा शनिवार ठरलाय. नवरा म्हणाला, "बाहेरून मागवू ना." सासूबाईंनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो गाडी धुवायला निघून गेला.

म्हणजे मी.

१८ ऑक्टोबर, बुधवार

रजा टाकलीय. सासूबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर, हात गळ्यात अडकवलेला. मी ओट्यापाशी. आज फक्त सूप. माझा फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला होता, कारण सकाळी बाजार उघडला की माझी नजर तिकडे जातेच. सहा वर्षांची सवय. थोडेसेच शेअर आहेत माझे, पण आहेत!

"हे लाल काय आहे?"

"भाव उतरला आई."

"आणि हिरवं?"

"चढला."

"कोण ठरवतं?"

सूप उतू गेलं. घेणारे आणि विकणारे ठरवतात, असं सांगितलं मी. मग म्हणाल्या, "गॅस बारीक कर."

२१ ऑक्टोबर, शनिवार

सुट्टीतल्या जेवणासाठी भाजायच्या कोंबडीची रंगीत तालीम. बाहेरून कोळसा, आतून कच्ची! नवऱ्याने ब्रेड-बटर खाल्लं आणि वर तत्त्वज्ञान झाडलं — "स्वयंपाक काय, शेअर काय, दोन्हीकडे धीर लागतो." हा माणूस शाळेत भूगोल शिकवतो. आयुष्यात त्याने ना कोंबडी भाजली, ना शेअर घेतला. सासूबाई म्हणाल्या, "तुला बरं सुचतं बसल्या जागी." पहिल्यांदाच आम्ही दोघी एकदम हसलो असू.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

आज सासूबाईंचा प्रश्न: "तू घेतलास म्हणजे कुणीतरी विकला ना?"

"हो."

"मग तो का विकतोय? त्याला असं काय कळलंय जे तुला कळलेलं नाही?"

मी बटाटे सोलत होते. सोलणं थांबवलं. सहा वर्षांत मला हे कधी सुचलं नाही! भाव बघितला, बातमी वाचली, घेतला. समोर एक माणूस आहे आणि त्याला ती वस्तू नको झालीय, हे मनात आलंच नाही. "त्याला पैशांची गरज असेल," म्हटलं. "असेल," म्हणाल्या. पण तोंडावरून पटलेलं दिसलं नाही.

या बाईंच्या डोक्यात आहे तरी काय? चौदा वर्षं एका घरात राहतोय आम्ही. त्यांना भाजी कशी चिरलेली आवडते ते मला माहीत आहे. बाकी काय माहीत आहे?

२६ ऑक्टोबर, गुरुवार

"मला घ्यायचे आहेत."

कांदे-बटाटे आणायचे असतील त्यांना, असं वाटलं. नाही. शेअर!

माझ्याकडे बाटल्या-बरण्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कंपनीचे थोडे आहेत. कारखाना शहराबाहेर, बसने जाता येतो. त्यांना तीच आवडली, कारण झाकण म्हणजे काय ते कळतं. "बाकीच्या कंपन्या काय करतात ते वाचूनही समजत नाही," म्हणाल्या. आणि मग — "आधी जाऊन बघू या."

"आई, असं कुणी जात नाही बघायला."

"साडी घेताना पदर उलगडून बघतो. मग हे का नाही?"

२८ ऑक्टोबर, शनिवार

गेलो! नवऱ्याला सांगितलं, बाजारात जातो. खोटंही नव्हतं म्हणा.

लांबलचक भिंत, निळं गेट, शेजारी वॉचमनची टपरीवजा खोली. तो म्हणाला, "कुणाला भेटायचंय?"

"कुणालाच नाही," सासूबाई म्हणाल्या. "बघायला आलोय. मी यात भाग घ्यायचा विचार करतेय."

"कशात?"

"कारखान्यात."

त्याने प्लास्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "विकायला काढलाय का? आम्हाला कुणी बोललं नाही!"

त्याचा चेहराच उतरला बिचाऱ्याचा. मी समजावलं सगळं. शेअर, भाग, भीतीचं कारण नाही. मग तो इतका हसला की खुर्ची बाहेर आणून म्हणाला, "बसा मालकीणबाई!" सासूबाई बसल्या. खरंच मालकीण असल्यासारख्या! आणि चौकशी सुरू. पगार वेळेवर होतो का? होतो. जेवणाची सोय? आहे, बरी आहे. ओव्हरटाइम मिळतो? "हल्ली नाही. आपलं वेळेत घरी." शिफ्ट सुटली, बायका हसत-बोलत बाहेर पडल्या. गेटच्या आत खोक्यांची चळत दिसत होती, छपराला टेकेल एवढी.

"माल भरपूर आहे," सासूबाई परतीच्या बसमध्ये म्हणाल्या. खिडकीला नाक लावून बसल्या होत्या, शाळेची सहल असल्यासारख्या.

३० ऑक्टोबर, सोमवार

घेतले. शिवणाचे क्लास घेऊन त्यांनी स्वतः साठवलेले पैसे आहेत, बँकेत मुदत ठेवीत टाकलेले. त्यातले निम्मे. शेअरचं खातं गेल्या आठवड्यातच उघडून झालं होतं, मीच मदत केली. पण निम्मे! मी तीन-तीनदा म्हटलं — आई, एकाच कंपनीत एवढे नका घालू. शिवाय शुक्रवारी कंपनीचा तिमाही निकाल आहे, तोवर थांबा. "थांबून-थांबून तर म्हातारी झाले," म्हणाल्या आणि स्वतःच्या डाव्या हाताच्या बोटाने बटण दाबलं.

"याला सांगू नकोस एवढ्यात." याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. "आणि थोरल्याला तर मुळीच नको."

थोरल्या दिरांना मी मनात इन्स्पेक्टर म्हणते. आमच्या फ्रिजमध्ये डोकावून ते तारखा तपासतात. आईचे पैसे म्हणजे तर त्यांचा खास प्रांत.



१ नोव्हेंबर, बुधवार

हिरवं. सासूबाई गुणगुणतायत.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपार. ब्रेडची कणीक फुगायला ठेवलीय, तेवढ्यात लिहून घेते. हात पिठाचे आहेत, पान खराब होतंय, होऊ दे.

निकाल आला. वाईट! एका मोठ्या लोणचेवाल्याने या कंपनीकडून झाकणं घेणं थांबवलंय. भाव कोसळला — नुसता लाल नाही, खाली खाली जातच राहिला. मी केकचं मिश्रण फेटत होते. फेटणं सोडून फोनच बघत बसले. सासूबाईंना सांगायचं कसं? त्या समोरच बसलेल्या! त्यांनीच विचारलं, "किती?"

सांगितलं.

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, रडतील. मी पुढे गेले तर डोळे उघडून म्हणाल्या, "वॉचमन म्हणाला होता गं. हल्ली ओव्हरटाइम नाही. आणि ती खोकी! माल भरपूर नव्हता, माल पडून होता. आपण दोघींनी डोळ्यांनी बघितलं आणि उलटं समजलो!"

आवाजात दुःख होतं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त काहीतरी दुसरं होतं. कोडं सुटल्यावर माणसाचा आवाज होतो तसं.

"विकायचे का आई?"

"आधी केक घाल ओव्हनमध्ये. खाली बसेल."

केकमध्ये साखर घातली की नाही, आठवत नाही. चाखून बघितलं. घातली होती. बहुतेक दोनदा.

उद्या इन्स्पेक्टर येणार. त्यांना कळलं तर सरळ म्हणतील, हिने आईला नादी लावलं. आणि काय खोटं आहे? फोन मिठाच्या बरणीला मीच टेकवला होता.

५ नोव्हेंबर, रविवार

कालचं सगळं नीट लिहायला हवं.

कोंबडी जमली! सोनेरी, आतून मऊ, कुरकुरीत कातडी. सासूबाई पहाटेपासून खुर्चीवर, "आता उलट, आता रस घाल." बटाटे खमंग. ब्रेड जरा बसका. मुलांनी केकला भराभर हात घातला — गोड म्हणजे किती गोड! जाऊबाई म्हणाल्या, "पहिल्यांदा केलंस असं वाटत नाही." माझं सगळं लक्ष सासूबाईंकडे.

आणि व्हायचं तेच झालं. ताट अर्ध्यावर असताना थोरले दीर म्हणाले, "आई, तुझ्या ठेवीची मुदत संपत आलीय. कागद दे, मी बघतो."

"त्यातली निम्मी मोडली मी."

"मोडली? कशाला?"

"शेअर घेतले. परवा... नाही, कालच पडले. थोडा रस्सा वाढ गं."

कुणी हललं नाही. मी रस्साही वाढला नाही. दिरांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. "हे हिचं काम," म्हणाले. ओरडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

"हिने नको म्हणून सांगितलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "तीन वेळा. ऐकलं मी नाही."

"अगं पण आई, तुला त्यातलं काय कळतं?"

"काही नाही. म्हणून तर घेतले. तू गाडी शिकलास तेव्हा पहिल्याच दिवशी भिंतीला ठोकलीस. भिंत आपली, गाडी तुझ्या वडिलांची. कुणी तुझी किल्ली काढून घेतली का?"

दीर लाल! जाऊबाईंना ठसका लागला — ठसका की हसू, देव जाणे. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याच्यापासून लपवलं होतं मी, तो दुखावणार हे धरूनच चालले होते. तो खरंच दुखावला होता, लाल झालेल्या कानांवरून कळतं मला. पण बोलला काय, तर — "कुठली कंपनी आई?"

"झाकणांची."

बस! मुलं उठली आणि स्वयंपाकघरातल्या झाडून सगळ्या बरण्या घेऊन आली. झाकणं उलटी करून त्यावरचा छाप शोधायचा. जॅम, मध, व्हिनेगर. टेबलावर बरण्यांची रांग. सासूबाई प्रत्येक झाकण डाव्या हाताने घेऊन उजेडात धरत होत्या. "हे आपलं. हे नाही. हे आपलं!" आपलं म्हणे!

थोरले दीर केक येईपर्यंत बोलले नाहीत. निघताना मात्र आईच्या प्लास्टरला हात लावून म्हणाले, "दुखतं का गं अजून?" आणि मला, चपला घालता-घालता, वर न बघता — "कोंबडी छान झाली होती."

सगळे गेल्यावर नवरा भांडी घासायला उभा राहिला. पाठमोराच म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं का तुला?" मी म्हटलं, "आईंनी नको म्हटलं होतं," आणि कारखान्याची फेरीही सांगून टाकली. तो म्हणाला, "हं." मग आणखी एक ताट घासून — "मलाही न्यायचं होतंस त्या कारखान्यावर. वॉचमनचा चेहरा बघायला!"

८ नोव्हेंबर, बुधवार

सासूबाईंनी विकले. तोट्यात. मी म्हटलं, थांबा, वर येईल कदाचित. मी माझे ठेवलेत. त्या म्हणाल्या, "मी ज्या कारणासाठी घेतले ते कारणच चुकीचं निघालं. आता नुसती आशा धरून काय बसायचं?"

"मग आता काय घ्यायचं?"

"दर महिन्याला नेमाने हातात काहीतरी पडेल असं असतं का गं काही? थोडं चालेल. पण नेमाने."

असतं. शोधून द्यायला हवं.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

झाकणं आज वर गेली! त्यांना सांगितलं. "जाऊ देत. तुला बरं झालं," म्हणाल्या आणि खरंच खूश दिसल्या. लॅबमध्ये दिवसभर एका दाढेचा रंग जुळवत बसले आणि डोक्यात हेच — माझे शेअर पडले तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते, चार वर्षांपूर्वी. या बाईला धक्का बसत कसा नाही? की बसतो आणि दाखवत नाही?

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

महिन्याचं उत्पन्न देणाऱ्या तीन योजना समजावून सांगितल्या. प्रश्न, प्रश्न, प्रश्न! माझा चहा गार.

२५ नोव्हेंबर, शनिवार

प्लास्टर निघालं. हात बारीक, पांढुरका झालाय. सासूबाई बोटं उघडझाप करून बघत होत्या. मी म्हटलं, "आई, घ्या आता स्वयंपाकघर ताब्यात." त्या नुसत्या हसल्या.

२६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी नवरा भाजी आणायला गेल्यावर सासूबाई ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. "एका बाईला एकटीने राहायला महिन्याला किती लागतं गं?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. नेमाने हातात पडणारे पैसे कशासाठी हवे होते, ते आत्ता कळलं.

मग मी गॅस बंद केला, दोन खुर्च्या ओढल्या, आणि घरभाड्यापासून सांगायला सुरुवात केली.